माठाखालचा निळा रंग

सर,

आधी 'प्रिय' लिहिलं आणि खोडलं. मंग 'आदरणीय' लिहिलं, तेबी खोडलं. तुम्ही होते तेव्हा मी नुसतं 'सर' म्हणायची. तेवढंच राहू द्या.

पत्र लिहायचं कारण म्हणजे पाटील सर. तुमच्या खुर्चीवर आता ते बसतात. परवा त्यांचा फोन आला. तुमच्या नावानं स्मरणिका निघून राह्यली, आपल्या प्रयोगशाळेला तुमचं नाव द्यायचं ठरलंय, दारावर पितळी पाटी येणार आहे. म्हणाले, "संगीता, तू सरांची सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी. चार आठवणी लिही. जरा गोड लिही बरं का, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे." मी हो म्हणलं. गोड लिहायला बसले आणि हे पत्र निघालं.

आणि 'न्हाई'चं 'नाही' मी करणार न्हाई. सेमिनारच्या आधी तुम्ही माझं बोलणं घासूनपुसून घ्यायचे. "आष्टीची भाषा आष्टीत ठेव," म्हणायचे. आज तुम्ही लाल पेन घेऊन समोर बसलेले न्हाई, म्हणून आख्खी आष्टी इथं आणली आहे.

तुम्हाला पहिला दिवस आठवतो का? तुम्ही माझ्या हातात एक बाटली दिली. आत ताकासारखं पांढुरकं पाणी. म्हणाले, यात सिलिकाचे कण आहेत, म्हणजे वाळूच्याच जातीचे, पण इतके बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकातबी दिसायचे न्हाईत. आपण प्रत्येकाच्या अंगावर पॉलिमरचा कोट चढवायचा, म्हणजे ते एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होणार न्हाई. मंग काचेवर थेंब टाकायचा आणि बाजूला व्हायचं. पाणी उडत जातं तसे कण आपले आपण रांगा धरतात. मागं काचेवर उरतो तो पातळ थर, तीच आपली फिल्म.

"कोणाला हाताला धरून बसवायचं नाही," तुम्ही म्हणाले. "आपण फक्त मोकळीक द्यायची. ज्याची जागा त्याला सापडते."

मी भारावून गेले. आष्टीला फोन करून आईला सगळं सांगितलं. आईनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "चांगले दिसतात गं तुझे सर. तुलाबी देतील जागा." आईचं हे वाक्य मला नंतर किती वर्षं बोचलं, तुम्हाला काय कळणार?

बियाण्याच्या पिशवीची कल्पना माझी होती. ती कोणाची, यावर तरी तुम्ही कधी वाद घातला न्हाई. आमच्या शेजारच्यांनी सोयाबीनची सीलबंद पिशवी फोडली तर आत बी घामेजलेलं. पेरलं, पण उगवलं न्हाई. दुकानदार म्हणे कंपनीतूनच असं आलं, कंपनी म्हणे दुकानदारानं ओलीत ठेवलं. दोघं एकमेकांकडं बोट दाखवत बसले आणि शेत पडीक राह्यलं. मी तुम्हाला विचारलं, सर, आपली फिल्म पिशवीच्या आत लावली तर? कणांवरचा पॉलिमर ओल पितो, फुगतो, रांगांमधलं अंतर वाढतं आणि रंग बदलतो. कोरड्यात निळी, दमट झाली की हिरवी, चांगली ओल लागली की लाल. रंग असा काही घातलेलाच न्हाई, सगळी किमया त्या रांगांची. शेतकऱ्याला बघताक्षणी कळेल.

तुम्ही टेबलावर थाप मारली होती. "बियाण्याच्या जालन्यात बसून जालन्याचं काम," म्हणाले.

पण फिल्म काही होईना. थेंब टाकावा आणि सकाळी बघावं तर चहाच्या कपाखाली उमटते तशी पांढरी कडी, मधी काहीच न्हाई. आपल्याकडचा उन्हाळा, कोरडं वारं, थेंब बघता बघता उडून जायचा. कणांना रांगेत बसायला उसंत कुठली? त्यात तुम्हाला घाई. परिषद जवळ आली की तुम्ही येऊन काचांवर पंखा लावायचे. मी बंद करायची, तुम्ही परत लावायचे. जल्दी, जल्दी. नुसती मोकळीक द्यायची म्हणणारा माणूस पंखा घेऊन कणांच्या मागं लागला होता.

त्याच उन्हाळ्यात मी आष्टीच्या बाजारातून माठ आणला. विभागातलं पाणी ऊन ऊन यायचं म्हणून. कोपऱ्यात तिवईवर ठेवला, भोवती ओलं गोणपाट गुंडाळलं. आणि तुमच्या पंख्यापासून लपवायला म्हणून एक काच त्या तिवईखाली सरकवून दिली, वरून गोणपाटाचं टोक सोडलं.

सकाळी काढली तर निळी. कडेपासून कडेपर्यंत निळी.

मी दिवसभर कोणाला बोलले न्हाई. परत केली, परत निळी. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. माठाखाली गार असतं, दमट असतं, वारं लागत न्हाई. थेंब सावकाश वाळतो. मंग तुम्हाला हाक मारली. तुम्ही इस्त्रीच्या पँटसकट फरशीवर बसले, तिवईखाली डोकं घातलं, काच बाहेर काढली आणि तिच्यावर श्वास सोडला. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं लाल झालं, आणि हळूहळू परत निळं. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते खोटं नव्हतं, हे मी कोणासमोरबी सांगीन.

"संगीता," तुम्ही म्हणाले, "पेपरवर पहिलं नाव तुझं."

मी मागितलं नव्हतं, सर. तुम्ही आपणहून दिलं होतं.

एक गोष्ट इथंच लिहून टाकते, कारण मला खोटा सूड नको. तुम्ही माझं नाव खाल्लं तेव्हा आमच्या वस्तीतली माणसं म्हणाली, दुसरं काय होणार, आपण बौद्ध, ते तसले. तसं नव्हतं. माझ्या माठातलं पाणी तुम्ही रोज प्यायचे, माझ्या डब्यातली भाकर मोडून घ्यायचे. तुमच्या घरी काकूंनी मला कधी वेगळं ताट दिलं न्हाई. तो दोष तुमच्यात नव्हता. तुम्ही नुसते लोभी होते. लोभाला जात लागत न्हाई.

पेपर छापून आला तो मी विभागातल्या संगणकावर बघितला. पहिलं नाव तुमचं. दुसरं तुमच्या दिल्लीच्या मित्राचं, ज्यांच्या मोठ्या यंत्रावर फिल्मचे फोटो काढले त्यांचं. तिसरं नाव न्हाईच. मी खाली खाली गेले. अगदी तळाला, बारीक अक्षरात होते मी. 'प्रयोगशाळेतील किरकोळ मदतीबद्दल कुमारी संगीता यांचे आभार.'

किरकोळ.

आणि माठ कुठंच नव्हता. माठाच्या जागी लिहिलं होतं, 'नमुने नियंत्रित आर्द्रतेच्या कपाटात वाळवले.' असं कपाट आपल्या विभागात कुठं होतं हो? आपल्याकडं होतं ते खडूच्या खोक्यांचं कपाट, त्याचं दारसुद्धा लागत नव्हतं.

मी तुमच्या खोलीत आल्ते. तुम्ही चहा पीत होते. "नावाचं काय घेऊन बसलीस?" तुम्ही म्हणाले. "तुझं आख्खं आयुष्य पडलंय. पुढच्या पेपरात बघू."

मी म्हणलं, "आणि माठ?"

तुम्ही हसले. "अगं, बाहेरच्या देशात वाचतात हे. तिथं माठ लिहू का? हसतील लोक."

तर मी आणि माठ, दोघंबी तुम्हाला दाखवायला लाज वाटण्यासारखे होतो. फिल्म तेवढी चालली. आयत्या बिळावर नागोबा, हे शाळेत शिकले होते, त्या दिवशी नागोबाला समोर चहा पिताना बघितलं.

माझी पीएचडी तिथंच संपली. जे काम तुमच्या नावावर छापून झालं तेच मी थिसिसात माझं म्हणून कसं लिहिणार? मी गाईड बदलून मागितला, तर विभागात सगळे तुमचेच. सोडून दिलं. नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीत उगवणक्षमता तपासायच्या खोलीत लागले. ओल्या कागदावर बी मांडायचं, कोंब किती आले बघायचं. घरी पाहुणे आले की आई अजून सांगते, आमची संगी डॉक्टर होऊन राह्यली. मी आत भांडी घासत बसते.

आणि सर, मंग माझी बारी आली.

पेपर वाचून लोकांनी फिल्म करून बघितली, कोणाची झाली न्हाई. तुम्हाला पत्रं यायला लागली. तुम्ही अनुदान मिळवून खरोखरचं नियंत्रित आर्द्रतेचं कपाट आणलं. त्या कपाटाच्या पोटात हवा खेळवायला पंखा होता. पुन्हा पंखा! एका कंपनीची माणसं बघायला आली तेव्हा तुम्ही त्यांच्यासमोर दार उघडलं आणि आत पांढरी कडी. हे मला पाटील सरांनीच सांगितलं, हळहळत. मी मान डोलावत ऐकलं आणि घरी जाताना पेढे घेतले. खोलीवरच्या मैत्रिणींना वाटले. कशाचे म्हणून विचारलं, तर म्हणलं, असेच.

मंग तुमचा फोन आला. किती गोड आवाज. "संगीता, कपाटात होत नाही गं. तू काय करायचीस नेमकं?"

काय करायची ते तुम्हाला माहीत होतं, सर. फरशीवर बसून बघितलं होतं तुम्ही. पण माठाचं नाव तुमच्या तोंडातून निघेना, कारण माठ म्हणलं की माझं नाव आलंच. तुम्हाला वाटत होतं, माझ्याच तोंडून एखादं दुसरं, बरं दिसणारं कारण निघावं.

मी म्हणलं, "सर, पेपरात लिहिलंय तसंच करा."

आणि फोन कानाला धरून ठेवला. तेव्हा एवढंच म्हणायचं होतं तुम्ही, 'चुकलं माझं.' मी सगळं सांगितलं असतं, माठ घेऊन आले असते, गोणपाट किती ओलं ठेवायचं तेसुद्धा दाखवलं असतं. तुम्ही म्हणाले, "बरं, बघतो," आणि फोन ठेवला.

तुमची बातमी कळली तेव्हा मी कामावर होते. झोपेतच गेले म्हणे. बाया म्हणाल्या, रड गं, मोकळी हो. मला रडू येईना, राग आला. तुमच्यासमोर उभं राहून काय काय बोलायचं ते मी किती वेळा मनात घोकलं होतं. तुम्ही कोऱ्या कपड्यानिशी निसटून गेले. असं कोणी जातं का?

दहाव्याला येणार नव्हतेच. काकूंचा फोन आला म्हणून आले. शहागडला, गोदावरीच्या काठी. ऊन मी म्हणत होतं. पिंड मांडून झाले, सगळे मागं सरकून उभे राह्यले. पलीकडच्या बाभळीवर कावळे बसलेले, पण एकबी हलेना.

तुमचा मुलगा पुढं झाला. "आईला अंतर देणार न्हाई, बाबा." कावळे जागचे हलले न्हाईत. तुमचे भाऊ म्हणाले, शेताची वाटणी बराबर करू. तरी न्हाई. पाटील सर हात जोडून म्हणाले, प्रयोगशाळेला तुमचं नाव देऊ. मला वाटलं, आता येतो कावळा, नावाला तुम्ही कधी न्हाई म्हणले होते? तरीबी न्हाई. गुरुजींनी उन्हाकडं बघितलं आणि दर्भाचा कावळा करायला घेतला.

तेव्हा काकूंनी माझा हात धरला. "संगे, तू जा. त्यांचा जीव त्या फिल्मीत अडकलाय. सांग त्यांना, मी पुरी करीन म्हणून."

"काकू, आमच्यात हे नसतं. मी मानत न्हाई."

"तू नको मानू. ते मानायचे ना? जा."

सगळी माणसं माझ्याकडं बघत होती. मी गेले. पिंडासमोर उभी राह्यले. तुमचा तो फोटो, कोट घातलेला, परिषदेत काढलेला. तो बघितला आणि घोकलेलं सगळं तोंडाशी आलं. मी खाली वाकून, कोणाला ऐकू जाणार न्हाई असं बोलले:

"सर, फिल्म माझी आहे. ती मी माझ्या नावानं छापणार. तुमच्या पेपरात पद्धत खोटी लिहिली, हेबी छापणार. अडवायचं तर अडवा."

मी मागं वळायच्या आत कावळा पिंडावर उतरला होता.

लोकांनी श्वास सोडला. पाटील सरांनी डोळे पुसले. "बघा, गुरू-शिष्याचं नातं," म्हणाले. मी तिथंच दात खाऊन उभी. मी कावळ्यावर विश्वास ठेवणारी न्हाई, सर. भात होता, भूक होती, बाकी सगळे लांब सरकले होते, वाट बघून बघून त्याचाबी धीर सुटला, म्हणून उतरला. असंच असेल. पण असं नसेल तर? मी धमकी द्यायला आल्ते आणि तुम्ही ती इच्छा म्हणून पदरात घेतली? जिवंतपणी माझं काम घेतलं, मेल्यावर माझा सूडबी तुमच्याच नावावर करून घ्यायचा होता का?

येताना वडीगोद्रीला चहाला थांबलो. बाकीचे खाली उतरले. गाडीत काकू आणि मी.

"काय म्हणलीस गं त्यांना?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण ज्या बाईनं मला जेवू घातलं तिच्याशी खोटं बोलायला मी काही तुम्ही न्हाई. जे बोलले ते शब्दाला शब्द सांगितलं. वाटलं, आता रडतील, शिव्या देतील, गाडीतून उतर म्हणतील.

काकूंनी पदरानं मान पुसली. म्हणाल्या, "मंग बराबर आला कावळा."

आणि त्यांनी सांगितलं. तुम्ही माझा माठ विभागातून गुपचूप घरी आणला होता. मधल्या खोलीत तिवईवर ठेवून, गोणपाट गुंडाळून, खाली काचा सरकवून बसायचे. "सकाळी बघायचे आणि डोकं धरायचे," काकू म्हणाल्या, "पांढरी कडी आली म्हणून. मी म्हणायची, त्या पोरीला विचारा की. तर म्हणायचे, कोणत्या तोंडानं विचारू?"

मी विचारलं, "काकू, त्या खोलीत कूलर होता का?"

"होता की. मोठा. उन्हाळ्यात कूलरबिगर कोण झोपेल, बाई?"

मी हसले, सर. वडीगोद्रीच्या हॉटेलासमोर, तुमच्या दहाव्याच्या दिवशी, तुमच्या बायकोच्या शेजारी बसून मी हसत सुटले. माठ नेला, तिवई नेली, गोणपाट नेलं आणि तोंडावर कूलर सोडून झोपले! जालन्याचा माणूस दुसरं काय करणार? आणि हसता हसता रडायला लागले. काकूंनी मला जवळ घेतलं, आणि मला त्याचाबी राग आला.

कोणत्या तोंडानं? ज्या तोंडानं 'पहिलं नाव तुझं' म्हणाले होते, त्याच तोंडानं यायचं होतं. दुसरं तोंड लागतच नव्हतं. जालन्यातल्या जालन्यात, रिक्षानं यायचं एवढंच अंतर. तुम्ही आले न्हाई. म्हणून तुम्हाला माफी न्हाई. काकूंना वाटतं कावळा आला म्हणजे मिटलं. काकूंचं मिटलं असेल, माझं न्हाई.

माठ मी काकूंकडून घेऊन आले. बुडाला क्षार चढलेत, पण पाझरतो चांगला. माझ्या खोलीत पंखा बंद करून, घामानं निथळत, त्याच्याखाली काच ठेवली. सकाळी निळी. मी तिच्यावर श्वास सोडला, हिरवी झाली, लाल झाली, परत निळी झाली. मोकळीक दिली की कण अजूनबी आपले आपण बसतात, सर. ते वाक्य तेवढं खरं होतं तुमचं.

संभाजीनगरच्या एका मॅडमनी मला पीएचडीला घेतलंय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "माठ लिहायची लाज वाटेल का?" मी म्हणलं, "पहिल्या ओळीत लिहू."

तर ऐका. तुमची पाटी लागू द्या, मी आडवी येणार न्हाई. हे पत्र मी जसंच्या तसं स्मरणिकेला देणार आहे, पाटील सरांना छापायचं तर छापू देत. पण माझा पेपर निघणारच. त्यात माठ असेल, तिवई असेल, ओलं गोणपाट असेल, आणि आधी छापलेल्या पद्धतीनं फिल्म होत न्हाई, हे स्वच्छ लिहिलेलं असेल. जगात कोणीबी वाचावं आणि करून बघावं. सगळ्यांची निळी होईल.

आणि तुम्हाला मी विसरणार न्हाई, हा माझा शब्द आहे. खोली तुमची होती, किल्ली तुम्ही दिली होती, कधीमधी पंखा बंद करून निघून जायचे हेबी खरं. त्याची जाण ठेवीन. अगदी तळाला, बारीक अक्षरात, एक ओळ तुमची असेल. ओळ मी नवी बनवलेली न्हाई, तुमचीच आहे. नाव तेवढं बदललंय.

'प्रयोगशाळेतील किरकोळ मदतीबद्दल कै. सरांचे आभार.'

पहिल्या नावाची,
संगीता
आष्टी, तालुका परतूर